अर्धं तुमचं, अर्धं आमचं

पुण्यात मत असणाऱ्या माणसाला मान आहे. मत ठाम असेल तर मान जास्त, आणि तेच मत चुकीचे असूनही पन्नास वर्षे टिकले असेल तर शाल-श्रीफळही मिळते. या धामधुमीत एक माणूस मात्र कायम उपेक्षित राहिला. सभेत दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या की जो सगळ्यांत शेवटी उठतो, शांतपणे चष्मा पुसतो आणि म्हणतो, "दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे," तो माणूस. त्याच्या नावाचा रस्ता नाही, चौक नाही, साधा बसथांबाही नाही. या शहराचे निम्मे निर्णय त्याने घेतले आहेत आणि उरलेले निम्मे त्याच्यामुळे अर्धवट राहिले आहेत, तरी त्याची थोरवी कोणी गायलेली नाही. हे ऋण कोणीतरी फेडायला हवे.

ते येरवड्यातून फेडले जावे हेही योग्यच. बाकीच्या महाराष्ट्राला येरवडा म्हटले की कारागृह आठवते, नाहीतर मनोरुग्णालय. आम्हा मध्यममार्गी लोकांना मात्र हे क्षेत्राच्या ठिकाणी आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी याच कारागृहात देशातला सर्वांत गाजलेला समेट झाला. तडजोड म्हणजे काय असते ते सगळ्या हिंदुस्थानाने येरवड्याकडे तोंड करून पाहिले. त्या समेटाविषयी पुढे लिहिणारच आहे. त्यातल्या एका आकड्याने आमच्या शास्त्रापुढे थोडी अडचण उभी केली आहे.

आमची रीत अशी. प्रश्न काय आहे ते फार खोलात जाऊन पाहायचे नाही, कारण खोलात गेलेला माणूस कुठल्यातरी बाजूला कलतो आणि मग तो आमच्यातला राहत नाही. आधी एकाचे ऐकायचे, मग दुसऱ्याचे. दोघांत अंतर किती ते बघायचे, त्याला दोनने भागायचे आणि येईल त्या जागी खुर्ची टाकून बसायचे. कोण खरे बोलतो याची चौकशी करणे असभ्यपणाचे आहे. चौकशी झाली की एकाचा अपमान होतो, अर्ध्यावर आणले की दोघांचा सारखाच मान राहतो. काही जण या रीतीची गल्लत बुद्धाच्या मध्यम मार्गाशी करतात, ते बरोबर नाही. तो मार्ग चालायचा असतो, त्याला आठ अंगे आहेत, आणि सांगणाऱ्याने ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर किंवा गुरूच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे बजावून ठेवले आहे. आमच्या मध्यात चालणे नाही आणि पारखणे तर मुळीच नाही.

पारखणाऱ्या लोकांची काय गत होते ते पाहायला लांब जावे लागत नाही. येरवड्यातच डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ साली संस्कृतच्या मोठ्या कोशाचे काम सुरू झाले. शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या काळात, कुठल्या अर्थाने आला याच्या चिठ्ठ्या करायच्या आणि त्या चिठ्ठ्या सांगतील तोच अर्थ, तोच क्रम छापायचा, अशी तिथली शिस्त. चिठ्ठ्या सुमारे एक कोटी झाल्या, खंडामागून खंड निघाले, आणि कोश अजून 'अ' या अक्षरातच आहे. दोन पंडितांनी एका शब्दाचे दोन अर्थ सांगितले तर तिथे मधला अर्थ काढत नाहीत, चिठ्ठ्या काढतात. पुरातत्त्व विभागाचेही तेच. शिरूरजवळच्या इनामगावात १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षे ही मंडळी थरामागून थर खरवडत बसली होती. घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली, जळके धान्य सापडले, आणि त्यावरून तीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव कसे वसले, कसे जगले आणि कसे उठले ते त्यांनी मांडले. कोणी म्हणाले गाव फार जुने, कोणी म्हणाले फार नवे, तर सरासरी काढून एका दुपारी मोकळे होता आले असते. पण या लोकांना फावडे खाली ठेवता येत नाही. आमच्या इथल्या नगर रस्त्याचे काम त्यांच्या हाती गेले असते तर काय झाले असते, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते.

सुदैवाने ते गेले नाही. नगर रस्ता आमच्याच विचाराने घडला.

पुण्यात बीआरटी आली ती डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर. देशात पहिली, असे तेव्हा सांगण्यात आले. नगर रस्त्यावर ती २०१६ मध्ये सुरू झाली. बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका, मधोमध स्टेशन, बसच्या उजव्या अंगाला दार, फलाट आणि बसची जमीन एका पातळीत. नमुना कोलंबियातल्या बोगोटा शहराचा. तिथे २००० सालच्या डिसेंबरात अशी बससेवा सुरू झाली आणि जगभर तिची नक्कल होऊ लागली. हिशेब साधा आहे. साडेतीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेतून मोटारी सोडल्या तर तासाला हजार-दीड हजार माणसे जातात. एका मोटारीत बसून बसून माणसे किती, तर दीड. तीच मार्गिका फक्त बससाठी ठेवली आणि बस भरपूर व वेळेवर सोडल्या तर तासाला चार ते आठ हजार माणसे जातात. म्हणजे डांबर तेवढेच, माणसे चौपट.

पण या हिशेबाची एक अट आहे, आणि ती मध्यममार्गी माणसाला मान्य होण्यासारखी नाही. बस भरपूर हव्यात, मार्गिका सलग हवी, तिच्यात दुसरे कोणी घुसता कामा नये, आणि थांब्यापर्यंत चालत जाणाऱ्याला रस्ता ओलांडता आला पाहिजे. चारही गोष्टी एकदम हव्यात. ही हटवादी भूमिका झाली. बस हवी म्हणणारे एकीकडे, मोटारीला रस्ता अपुरा पडतो म्हणणारे दुसरीकडे, आणि चारही गोष्टी पहिल्यांच्या पदरात टाकायच्या, हे न्यायाला धरून नाही. तेव्हा मार्गिका दिली, पण चौक आला की ती संपू दिली. स्टेशने बांधली, पण उजव्या दाराच्या बस मोजक्याच ठेवल्या. घुसखोरी थांबवायला वॉर्डन ठेवले, पण दुचाकीवाला दिसला की त्यांनी मान वळवावी इतका समंजसपणा हळूहळू रुजू दिला. भर रस्त्यात मधोमध थांबा, आणि तिथवर पोहोचायला म्हातारीने चार चाकांच्या चार रांगांतून वाट काढायची. अशा रीतीने दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे मिळाले. मोटारींचा रस्ता अरुंद झाला आणि बस वेगात धावली नाही. इतका समसमान निकाल न्यायालयातही क्वचित लागतो.

पुढची पायरी आपोआप आली. अर्ध्या बीआरटीने अर्धेही काम केले नाही हे सगळ्यांना दिसले, आणि त्यावरून बीआरटी ही कल्पनाच चालत नाही असे अनुमान निघाले. येरवड्यापासून मार्गिका काढायला २०२३ मध्ये हात घातला गेला. दिल्लीने आपली मार्गिका २०१६ मध्येच उखडली होती. तिथे ती २००८ मध्ये आली होती, तीही जेमतेम पावणेसहा किलोमीटर. अहमदाबादने मात्र २००९ पासून ती सलग वाढवत नेली आणि पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर ती अजून धावते, पण अशी उदाहरणे बैठकीत काढू नयेत. त्याने वातावरण एका बाजूला झुकते.

मार्गिका काढल्यावर रस्ता मोकळा होईल असे सांगितले गेले होते. रस्ता रुंद झाला की वाहने वाढतात आणि तो पुन्हा भरतो, याची तपासणी गिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांच्या वीस वर्षांच्या आकड्यांवर केली आणि २०११ मध्ये छापली. मार्गिका जितक्या वाढल्या तितक्याच प्रमाणात वाहनांचे फिरणे वाढले, असा त्यांचा निष्कर्ष. अँथनी डाउन्सने तर हेच १९६२ साली सांगून ठेवले होते. पुण्याला याची वेगळी तपासणी करायची गरज नव्हती. २०१८ मध्येच शहरातली वाहने माणसांपेक्षा जास्त झाली होती, छत्तीस लाखांच्या वर. गुंजन चौकात संध्याकाळी सात वाजता उभे राहिले की त्यातली बरीचशी एकदम भेटतात. त्या गर्दीत पीएमपीची बसही असते. तिच्यात साठ-सत्तर माणसे उभी असतात आणि शेजारी एका माणसाची एक मोटार असते, दोन्ही एकाच वेगाने, म्हणजे थांबलेल्या वेगाने, चाललेली असतात. समानता याहून वेगळी काय असते?

हेल्मेटच्या बाबतीत आपण आणखी पुढे गेलो. जगातल्या ६१ अभ्यासांची एकत्र छाननी करून कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये सांगितले की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. सक्तीचे कलम मोटार वाहन कायद्यात आहेच. अशा वेळी पुण्याने जे वाक्य घडवले ते मध्यममार्गाच्या वाङ्मयात अजरामर व्हावे: आमचा हेल्मेटला विरोध नाही, सक्तीला विरोध आहे. यात विज्ञानाचा अपमान नाही, कायद्याचा अनादर नाही आणि डोक्यावर हेल्मेटही नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई जोरात सुरू केली तेव्हा हे वाक्य मोर्चातही निघाले. नंतर लोकांनी तडजोडही शोधून काढली. हेल्मेट घरी ठेवायचे नाही आणि डोक्यातही घालायचे नाही, कोपरात अडकवायचे. काही जण डोक्यात घालतात, पण पट्टा लावत नाहीत. आपटल्यावर डोके एकीकडे आणि हेल्मेट दुसरीकडे जाते, म्हणजे दोन्ही बाजू शाबूत राहतात. ससून रुग्णालयाच्या अपघात विभागात याचा हिशेब रोज लागतो. तिथले डॉक्टर मात्र मध्यममार्गी नसतात, कवटी फुटली आहे की नाही एवढेच ते पाहतात.

गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक भरते. तिथे आमच्या शास्त्राचा कस लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. एखाद्या मंडळाच्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर मोजले तर १०५ सहज भरतात. एका बाजूला नियम दाखवणारे दोन-चार ज्येष्ठ नागरिक आणि छातीत पेसमेकर असलेला एखादा, दुसऱ्या बाजूला मंडळाची पोरे. मध्य निघतो ८०. पोरे खूश होतात, आपण पंचवीस उतरलो म्हणतात. ज्येष्ठांनीही आपण पंचवीसच चढलो असे मानून घरी जावे. इथे एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी उठतो आणि घोटाळा करतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते, दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, असे तो सांगतो. म्हणजे ८० डेसिबल ही ५५ च्या तीनशे पटींहून जास्त, आणि १०५ ही लाखपट. ऊर्जेचाच खरा मध्य काढायचा तर तो १०२ डेसिबलवर येतो. त्याच दोन टोकांचा मध्य एका पट्टीवर ८० आणि दुसरीवर १०२! कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, हेही तो सांगून टाकतो. अशा मुलांना बैठकीला बोलावू नये. मध्य एकच असतो अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि समाज श्रद्धेवर चालतो.

इतिहासही आमच्याच बाजूने आहे, फक्त तो थोडा लांबून पाहावा लागतो. टिळक आणि आगरकर यांची मैत्री जमली ती येरवड्याच्या याच डेक्कन कॉलेजात. पुढे दोघे संमतिवयाच्या प्रश्नावर समोरासमोर आले. १८६० च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचे वय १० वर्षे होते, विवाहित मुलीसाठीसुद्धा. १८९० च्या सुमारास कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने रक्तस्राव होऊन मेली. तो नवरा तिच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठा. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, शरीर या वयात तयार नसते हे त्यांनी सांगितले. आगरकरांनी 'सुधारका'त धर्मग्रंथ बाजूला ठेवून हाच पुरावा लावून धरला. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणू नये, हे टिळकांचे म्हणणे. शहाणी माणसे तेव्हाही मधोमध उभी होती. कायदा १८९१ मध्ये झाला, वय ठरले १२.

बारा! किती समतोल आकडा. बारा वर्षांची मुलगी शरीराने तयार असते असे कुठल्या डॉक्टरने सांगितले होते म्हणून तो आला नाही, दहाच्या पुढे थोडे आणि फार पुढे नाही म्हणून तो आला. आगरकरांची या शहराने ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. ते टोकाचे होते ना! १८९५ मध्ये ते खरोखर गेले, वय अवघे ३८. मग १९२९ मध्ये शारदा कायदा आला, मुलीच्या लग्नाचे वय १४ झाले, आणि आम्ही १४ वर उभे राहिलो. १९७८ मध्ये ते १८ झाले, आम्ही १८ वर उभे आहोत. मध्यममार्गी माणूस कधीच चुकत नाही याचा याहून मोठा पुरावा कोणता? प्रत्येक वेळी कोणीतरी एकटा पुढे जाऊन शिव्या खातो, त्याच्या ओढीने मध्य सरकतो, आणि सरकलेल्या मध्यावर आम्ही आधीपासूनच बसलेले असतो. आगरकरांचा पुतळा दिसला की आम्ही हार घालतो. त्यात आम्हाला कसलीही अडचण येत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या समेटाकडे, म्हणजे येरवडा कराराकडे येतो.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा, स्वतंत्र मतदारसंघ, आणि त्याखेरीज सर्वसाधारण मतदारसंघात दुसरे मत. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध त्यांनी २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण सुरू केले. चार दिवस तुरुंगात आणि बाहेर वाटाघाटी चालल्या. सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, मालवीय अशी मंडळी धावपळ करत होती. २४ तारखेला सह्या झाल्या, २६ ला उपोषण सुटले. स्वतंत्र मतदारसंघ गेला, संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या.

लहानपणापासून हा प्रसंग आम्हाला दोन टोकांच्या मधल्या सुवर्णबिंदूसारखा सांगितला गेला. म्हणून मी तो आमच्या रीतीने मांडून पाहिला. एकीकडे ७१ जागा, दुसरीकडे शून्य, तर मध्य पस्तीस-छत्तीस यायला हवा. करारातला आकडा आहे १४८. पुन्हा पुन्हा पाहिले, १४८ च. दोन टोकांच्या मध्ये असायला हवा तो आकडा टोकाच्याही दुप्पट पुढे निघून गेला आहे. आमच्या शास्त्रात असे होऊ शकत नाही.

कारण शोधले तर ते डॉ. आंबेडकरांच्या हातातल्या कागदांत सापडते. मध्य काढायला हा माणूस बैठकीला आलाच नव्हता, तो मोजून आला होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे, १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी आकड्यांनिशी साक्ष दिली होती. १९३२ मध्ये लोथियन समितीत बसून अस्पृश्यांची संख्या किती या प्रश्नावर ते प्रांतागणिक झुंजले होते. ती हकिकत मुळातून वाचण्यासारखी आहे. जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळणार असे दिसू लागताच कित्येक प्रांतांत अस्पृश्य अचानक नाहीसे होऊ लागले. संयुक्त प्रांतात १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे ते सव्वा कोटीच्या आसपास होते, प्रांताच्या मताधिकार समितीला ते सहा-सात लाखच सापडले. आता आमच्यातला एखादा तिथे असता तर त्याने दोहोंचा मध्य काढला असता आणि पासष्ट लाखांवर समेट घडवला असता. उरलेली साठ लाख माणसे शांततेच्या नावाने खर्ची पडली असती. विहिरीवर पाणी नाकारताना ती माणसे अचूक ओळखता येत होती, मोजताना तेवढी दिसेनाशी झाली. आंबेडकरांनी मध्य घेतला नाही. किती आहेत ते आधी ठरवू, काय द्यायचे ते मग बोलू, एवढेच ते धरून बसले.

आणि इथेच आमच्या शास्त्रातली फट उघडी पडते. तडजोड त्यांनीही केली. गांधीजींच्या प्राणांचे ओझे त्यांच्या माथ्यावर होते, गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर सूड उगवला जाईल ही भीती खरी होती, आणि त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडला. सोडताना जे सोडत होते त्याचे वजन त्यांना ठाऊक होते. १९४५ च्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट लिहिले की वाढलेल्या जागा ही गेलेल्या दुसऱ्या मताची भरपाई नव्हती. त्या दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवाराला अस्पृश्यांच्या दारात यावे लागले असते. ७१ वरून १४८ हा आकडा वाढला आणि हातातली सत्ता मात्र कमी झाली. म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या पट्टीवर मोजायची हे आधी कळावे लागते, आणि तसे कळणाऱ्या माणसालाच आपण काय गमावले ते सांगता येते. आम्हा लोकांचे तसे नाही. आम्ही काय गमावले ते आम्हाला कधी कळत नाही, म्हणून आमच्या चेहऱ्यावर एवढी शांतता असते.

आणखी एक गोष्ट. त्या चार दिवसांत आंबेडकर खोलीत होते. ते नसते तर समेट सनातनी आणि सुधारक सवर्णांमध्ये झाला असता, दोन्ही बाजूंनी एकमेकांना पेढे भरवले असते, आणि मध्य अगदी बिनचूक निघाला असता.

इतके सगळे असूनही माझी निष्ठा ढळलेली नाही, आणि सध्या तिची गरजही आहे. मुळा-मुठेचा संगम आमच्यापासून जवळच. तिथून पाणी बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून येरवड्याला वळसा घालून पुढे जाते. जलसंपदा विभागाने नदीला दोन रेषा आखून दिल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मुठेसाठी निळीचा हिशेब साठ हजार क्युसेकचा, लालचा एक लाखाचा. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या नातवाच्या वेळी, असा आमच्याकडे समज आहे. हिशेब करणारे म्हणतात की दरवर्षी शंभरात एक शक्यता, म्हणजे तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी भेटण्याची शक्यता चारात एक. निळ्या रेषेच्या पुराची तर दहात सात. शिवाय रेषा आखल्यावर नदीच्या पात्रात राडारोडा पडला, भराव झाले. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पस्तीस हजार क्युसेकच पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत ते घराघरांत शिरले. साठ हजारांच्या रेषेला पाणी पस्तीस हजारांतच पोचले, यावरून नदीला आकडे समजत नाहीत असे काही जण म्हणाले.

आमच्या भागातही नदीकडेच्या एका मोकळ्या जागेवरून वाद आहे. एक पक्ष म्हणतो, भराव टाका, भिंत बांधा, चार मजले उठवा. दुसरा म्हणतो, रेषेच्या आत वीटही नको, कारण इथे अडलेले पाणी जाणार कुठे, तर समोरच्या खालच्या वस्तीत. तिथे घरे पत्र्याची आहेत, जोते फूटभर, आणि पाऊस लागला की माणसे पोरांना, गॅसच्या टाकीला आणि शिधापत्रिकेच्या पिशवीला घेऊन महापालिकेच्या शाळेत जाऊन बसतात. चार दिवसांनी परत येतात तेव्हा गाद्या कुजलेल्या असतात, मुलांची पुस्तके गेलेली असतात, आणि ज्या घरांत धुणीभांडी करतात तिथून चार दिवसांचा खाडा कापला जातो. जिल्ह्याच्या नकाशावर ही वस्ती निळ्या रंगाखाली येते.

येत्या रविवारी यावर बैठक आहे. मी मसुदा तयार ठेवला आहे: निम्म्या जागेवर भराव टाकायचा, निम्मी नदीला सोडायची, भिंत ठरल्यापेक्षा निम्म्या उंचीची बांधायची आणि ती निळ्या व लाल रेषेच्या बरोबर मधून न्यायची. दोन्ही पक्षांनी तत्त्वतः होकार दिला आहे. पाणी किती चढते ते मोजून द्यायला एक निवृत्त अभियंता फुकट तयार होते. त्यांचे काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालेल असे कळल्यावर त्यांना नम्रपणे थांबवले. खालच्या वस्तीतल्या लोकांना बैठकीला बोलवायचे की नाही यावर मात्र दोन मते पडली आणि थोडी वादावादी झाली. शेवटी त्यांच्यातल्या निम्म्यांना बोलवायचे ठरले आहे.